चित्र तापेपर्यंत

संगणकाच्या पडद्यावरचं चित्र तापावं म्हणून अर्धा तास थांबणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतले सुभेदार शेलार.

पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा माझ्याबरोबर शाळेच्या अकरा मुली होत्या. मी शाळेत गाणं शिकवते, आणि आम्हाला प्रार्थनागीतांची कॅसेट काढायची होती. मी पेटी उघडली, मुली रांगेत उभ्या राहिल्या, आणि सुभेदार पडद्यासमोर हाताची घडी घालून गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी विचारलं, "करायचं ना सुरू?"

"थांबा की बाई. अजून तापलं न्हाई."

"काय तापलं नाही?"

त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं. तिथे एका जुन्या यंत्राचं चित्र होतं. दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या, मधे काळी गोल बटणं, वर एक सुई आणि कोपऱ्यात लाल दिवा. सगळं रंगवलेलं! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पदर खोचून जवळ जाऊन पाहिलं. चित्रच होतं. चित्र तापायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही बाराजणी ताटकळत होतो.

सुभेदार मूळचे कोयनानगरच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामात उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर सांगलीत घर बांधलं आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ थाटला. भजनी मंडळं यायची, शाहीर यायचे, निवडणूक लागली की घोषणावाले यायचे. स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि त्यांवरून वाकळा टांगलेल्या. माझं माहेर साताऱ्यातलं, आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा हळू घ्यायचे. आणि इथे चारी भिंतींना अंड्यांचे ट्रे, मधे उभ्या राहून मुली देवाची प्रार्थना म्हणणार! अगं बाई, हे मुख्याध्यापिकांना कळलं तर?

"ट्रे रिकामं हायत बाई," सुभेदार म्हणाले. "समदी अंडी मीच खाल्ली. स्टुडिओसाटनं."

आवाजातला जाडपणा, मधला भाग, वरचा टोकदारपणा असं वेगवेगळं कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला इक्वलायझर म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. स्वतः जोडलेला एक इक्वलायझर त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होता, पत्र्याच्या पेटीत. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह तापायला खरोखरच अर्धा तास लागायचा. नव्वदीच्या अखेरीस पुण्याचा पुतण्या संगणक घेऊन आला आणि त्यात तसल्याच जुन्या पेटीचं चित्र बसवून गेला. त्या चित्रातलं बटण फिरवलं की आवाज खरंच बदलायचा. पुतण्या त्याला प्लगइन म्हणायचा. सुभेदार म्हणायचे 'चित्र'.

"अहो, पण चित्र कसं तापेल?" मी एकदा भांडलेच.

"चित्र कशाला तापतंय! मी काय येडा हाय? मानूस तापून आलेलं असतंय बाई. अर्धा तास गप बसला की निवतो. मग कान ताळ्यावर येत्यात. आता तुमीच, रिक्षावाल्याशी भांडत आला का न्हाई?"

आले होते. मी पेटी मिटून बसले.

त्यांचं बोलणं ऐकून नवा माणूस हबकूनच जायचा. बटणांवर कंपनांचे आकडे होते, जाड आवाजाचे लहान आणि टोकदार आवाजाचे मोठे. "दोनशेपाशी चिखल झालाय," असं ते म्हणाले की आवाज घोगरा येतोय समजायचं. "तीन हजाराला काटं आल्यात," म्हणजे कानाला टोचतोय. मग हळूच, "वर जरा ऊन पाडतो," म्हणून वरचं बटण एक घर पुढे. पण वाढवायचा त्यांना मनापासून कंटाळा. "आदी काढायचं, मग घालायचं. घालायला काय, कोनबी घालतंय." हा नियम त्यांनी माझ्या डब्यातल्या आमटीलाही लावला. एक घोट घेऊन म्हणाले, "बाई, गूळ वाढवू नका. चिंच कमी करा." मी चिडले. घरी जाऊन चिंच कमी केली, आणि मेली आमटी चांगली झाली.

जाड आवाज ते पायाने ऐकायचे. ढोलकी सुरू झाली की चपला बाहेर. "जाड आवाज आदी पायाला येतोय, मग कानाला. आमच्याकडं भूकंप बी तसाच येतोय." एका शाहिराला त्यांनी जरीच्या फेट्यासकट अनवाणी उभं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि संध्याकाळची हजेरी. काम संपलं की चित्रातलं एकेक बटण शून्यावर आणायचं. "हे आलं घरी. हे आलं. हे बी आलं." सगळी बटणं घरी आल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. लष्करातला माणूस, कोण काय बोलणार?

तर आमची कॅसेट झाली. कोल्हापूरला तिच्या दोनशे प्रती भरून आल्या. चार दिवसांवर बक्षीस समारंभ, प्रत्येक पालकाला एक कॅसेट द्यायची. मी मोठ्या दिमाखात मुख्याध्यापिकांच्या खोलीत टेप लावला.

देवा रे! मुली नुसत्या चिरकत होत्या. प्रत्येक 'स' तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्रकन उठत होता. एका गाण्याला घुंगरू होते, ते वाजले आणि मुख्याध्यापिकांनी कानावर हात ठेवले.

"बाई, ही प्रार्थना आहे की शिट्टी? चार दिवसांत नीट करून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी गाण्याचा तास शिवणाला जाईल."

मी पिशवीत कॅसेटी कोंबल्या आणि तडक विश्रामबाग गाठली. वाटेत ठरवलं होतं, आज सुभेदारांचं कोर्ट मार्शल करायचं. चित्र तापवतात म्हणे!

स्टुडिओचं दार अर्धं उघडं होतं. आतून माझ्याच मुलींचं गाणं त्याच चिरक्या आवाजात येत होतं. डोकावले आणि उंबऱ्यातच थबकले. सुभेदारांची पाठ पडद्याकडे होती. समोर स्टुलावर त्यांची बायको, हौसाकाकू, पदरावरून हेडफोन घालून बसल्या होत्या. सुभेदार मागे हात नेऊन, माऊसचं चाक फिरवत बटण वाढवत होते आणि डोळे काकूंच्या चेहऱ्यावर. थोडं वाढवायचं, थांबायचं. परत थोडं. एवढं वाढवणारे सुभेदार मी कधी पाहिले नव्हते! शेवटी काकूंनी मान हलवली, आणि ह्या मिशाळ माणसाचा चेहरा असा फुलला की मी भांडण विसरले.

त्यांनी मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि अंगणात आणलं. मी कॅसेट दाखवली. ते कट्ट्यावर बसले.

"दोन वर्सं झाली बाई. तिला वरचं ऐकू येत न्हाई. चिमन्या न्हाईत, कुकरची शिट्टी न्हाई. तिला पत्ता न्हाई त्याचा. मी सांगतो, तुज्या कानाशिवाय माजं काम पास हुत न्हाई. आन रोज येक गानं तिच्यापुरतं येगळं करतो. तुमच्या पोरींचं तिला लय आवडलं."

"पण मग ते आमच्या कॅसेटवर कसं गेलं?"

"तिनं मान हलवली म्हनून त्या दिवशी ते जपून ठेवलं. मग समदी बटनं घरी आनली. बंद करताना मशीननं कायतरी इचारलं, बदल ठिवायचा का काय म्हनून. पुतन्यानं सांगितलंय, त्यानं काय बी इचारलं की 'नको' म्हनायचं. मी 'नको' म्हनलो. दुसऱ्या दिवशी उघडलं तवा बटनं परत तिच्याच जागंवर असनार. मी बघितलंच न्हाई. मला वाटलं, काल घरी आनलीत की."

"अहो, पण कोल्हापूरला पाठवायची कॅसेट भरताना ऐकलं नाहीत?"

"भरताना स्पीकर बंद ठेवतो. नुसती सुई बघायची. दुपारची ती निजलेली असती न्हवं."

जिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तिची झोपमोड होऊ नये म्हणून ह्या माणसाने स्पीकर बंद ठेवला होता!

"चूक माजी हाय," सुभेदार म्हणाले. "दोनशेच्या दोनशे मी हातानं परत भरून देतो. पन तिच्यासमोर बोलू नका. तिला कळलं तर गानं ऐकायचंच सोडंल ती."

मी कबूल केलं. ते आत कामाला लागले आणि मी चहाला स्वयंपाकघरात गेले. काही कळू द्यायचं नाही म्हणून चांगलं मोठ्यांदा विचारलं, "काकू, गाणं आवडलं ना मुलींचं?"

"वरडू नका बाई," काकू म्हणाल्या. "तोंडाकडं बघून समजतंय मला."

मी हातातली बशी ओट्यावर ठेवली.

"समदं ठावं हाय मला. भनीला घिऊन मिरजंच्या डाक्टराकडं जाऊन आले. औंदा तर त्या हेडफोनात कायच येत न्हाई. कान तेवढं गरम हुत्यात."

"मग तुम्ही मान कशी हलवता?"

"मालकांच्या कपाळाकडं बघते. बटन फिरवून फिरवून घाम फुटतोय त्यांना. घाम आला की हलवते. किती येळ बसवायचं मानसाला?" त्यांनी चहा गाळला. "आवं, मान हलवली की कसं हसत्यात बघितलं का? तेवढं तरी दिसतंय मला. त्यांना सांगू नका. कळलं तर ती खोली बंद करून बसत्याल."

मी हो म्हटलं आणि रडले. सरळ रडले, लपवलं नाही. काकूंनी चहात आणखी साखर घातली.

चार-पाच टेप एकदम जोडून, चार दिवस खपून सुभेदारांनी एकेक कॅसेट पुसून पुन्हा भरली. समारंभाच्या सकाळी पिशवी घ्यायला गेले, तर ते फाटकापर्यंत पोचवायला आले. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी तिला इचारलं आसंल न्हवं? पोरींचं शब्द कळलं म्हनाली का?"

"सगळे कळले म्हणाल्या," मी म्हटलं. "एकूण एक."

"कळलं ना?" त्यांनी डोळे पुसले आणि घाईघाईने आत वळले. "तरी बी आनखी येक घर वाढवून ठेवतो. थंडीचं तिचं कान जड हुत्यात."