आमराई राखण्याकरितां गुणवंताबाईसाहेबांनीं खेळयंत्र जुळविलें त्याची बखर

श्रीगजवदन प्रसन्न असोत, श्रीशारदा लेखणीस साह्य होवोत, आणि विजेचा प्रवाह कथासमाप्तीपर्यंत खंडित न होवो. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, चैत्र वद्य प्रतिपदा, ते दिवसापासून एका राज्यीं जें वर्तमान वर्तलें तें येथें साकल्यें लिहिलें असे. राज्याचें नांव लिहिण्याचा हुकूम नाहीं.

त्या राज्याचे गादीवर श्रीमंत गुणवंताबाईसाहेब विराजमान होत्या. वय चाळीस, स्वभाव शांत, बोलणें मोजकें, आणि संगणकाचे पडद्यावर मोटाररथ हांकण्यांत हात ऐसा कीं वळण कितीही बिकट असो, रथ रेघेबाहेर जाऊं नये. शेजारचे राज्यावर त्यांचे चुलतबंधू जानराव राजे होते. थोरल्या आजोबांनीं वांटण्या केल्या तेव्हां डोंगर वांटला, नदी वांटली, हत्ती एकच होता तो महिन्याचे पाळीनें वांटला, परंतु हद्दीवरील एकेचाळीस झाडांची आमराई वांटली जाईना, कारण एकेचाळिसावें झाड शेपूच्या वासाच्या शेप्या आंब्याचें, आणि तें उभयतांस हवें. मग दरसाल वैशाखांत दोन्हीं फौजा आमराईंत लढों लागल्या, आणि लढाईंत कैऱ्याच झडून जाऊं लागल्या, सबब तह जाहला कीं फौजा घरीं ठेवाव्या, उभय धन्यांनीं आपापलें यंत्र घेऊन यावें, पडद्यावर मोटाररथांच्या तीन दौडी कराव्या, दोन जिंकील त्याची त्या सालची आमराई, आणि जो लागोपाठ चार सालें हरेल त्याचा हक्क कायमचा बुडाला. बाईसाहेब तीन सालें हरल्या होत्या. आणि तिन्ही सालीं जानराव राजांकडून लोणच्याची बरणी येई, वर चिठ्ठी असे, "ताई, आंबे आपल्याच आमराईचे. मीठ मात्र आमचें." बाईसाहेब बरणी उघडीत नसत, आणि फेंकूनही देववत नसे.

मग बाईसाहेबांनीं दरबार भरविला आणि वृद्ध कारभारी कोन्हेरपंत यांस बोलिल्या, "पंत, मी रथ वळवितें आणि पडदा विचार करीत बसतो. त्याचा विचार होईतों दादासाहेब पुढें निघून जातात. यंदा हरलें तर आमराई गेली. नवें यंत्र पाहिजे." पंत हात जोडून म्हणाले, "आज्ञा. परंतु खजिन्यांत पांचशें होन आहेत, आणि हत्तीचा महिना आपल्याकडे आहे." तेव्हां पेठेंतील ईसाजी तांबट यांस बोलावणें गेलें. हे पूर्वीं हंडे-घागरी घडवीत आणि अलीकडे संगणक जोडून देत. ते येऊन मुजरा करून म्हणाले, "पांचशांत होतें, बाईसाहेब. पण एकेक भाग दुसऱ्याशीं जुळवून घ्यावा लागतो. दरबारानें मानपान पाहून घेतलें, तर पांच हजारांतही होणार नाहीं." हें ऐकून दरबार दुखावला आणि लागलीच मानपान पाहूं लागला.

प्रथम प्रोसेसराचा प्रश्न निघाला. पंत म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे यंत्राचा कारभारी. तो सर्वांत थोर दर्जाचाच पाहिजे. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतों." ईसाजी म्हणाले, "पंत, शर्यतींत चित्रें काढणारा चितारी निराळा, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अर्धे होन त्याच्यावर घालावे. कारभारी चार हातांचा पुरतो." पंतांनीं "चार हात" ऐकिलें, स्वतःच्या दोन हातांकडे पाहिलें, आणि कारभाऱ्याचा मान राहिला ऐसें समजून रुकार दिला. मग नवें कार्ड परवडेना, तेव्हां ईसाजींनीं दोन सालें वापरलेलें एक सुचविलें. पंतांनीं विचारिलें, "चाकरी कां सुटली? पूर्वीचा धनी कोण?" ईसाजी म्हणाले, "धनी एक विद्यार्थी. परीक्षेंत तिन्ही विषयांत गेला, म्हणून वडिलांनीं विकायला काढलें." बाईसाहेब बोलिल्या, "म्हणजे कार्डानें चाकरी चोख केली. घ्या." मग रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक थोर घेण्यापेक्षां जोडी बरोबर ओढते म्हणून, आणि त्यांस साजेसा मदरबोर्ड घेतला, आणि पॉवर सप्लायपाशीं पंत पुन्हा अडले कीं, "हा डबा आंत राहणार, कोणास दिसणार नाहीं, स्वस्तांतला घ्यावा." ईसाजी म्हणाले, "दरबारचा मुदपाकखानाही कोणास दिसत नाहीं, पंत. तेथें काटकसर करायची का?" पंत आहारास चोखंदळ, ते तत्काळ म्हणाले, "पॉवर सप्लाय उत्तम घ्यावा."

शेवटीं कॅबिनेट. दरबारचे मानपान सांभाळणारे रखमाजी चोपदार पुढें सरले आणि म्हणाले, "पेटीस कांच हवी आणि सात रंगांचे दिवे हवेत. जानराव राजांच्या यंत्रास आहेत." ईसाजी म्हणाले, "दिव्यांनीं रथ पळत नाहीं, रखमाजी." रखमाजी म्हणाले, "पळत नाहीं, पण हरतांना शोभा तरी राहते." दरबार हंसला, बाईसाहेब हंसल्या नाहींत. खरें पाहतां त्यांचेही मनांत दिवे भरले होते. तीन सालें हरतांना त्यांनीं दादासाहेबांच्या यंत्रांतील जांभळा प्रकाश डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहिला होता, आणि आपल्याही यंत्रांत तैसा उजेड असावा, तो निळा व्हावा, मग हिरवा व्हावा, ऐसें त्यांस वाटत होतें, तें कोणापाशीं बोलवत नव्हतें. दिव्यांचे चाळीस होन पडत होते, आणि तेवढेच चाळीस होन कार्डास कमी पडत होते. बाईसाहेब बोलिल्या, "पेटी साधी काळी घ्या. वारा खेळता असला म्हणजे झालें." आणि दरबार बरखास्त करून आंत गेल्या, आणि त्या दिवशीं जेवण दोन घांस कमी गेलें.

पुढें आठ दिवसांत ईसाजींनीं दुकानांत यंत्र जुळविलें आणि चालवून पाहिलें, तों पडद्यावर रथ ऐसा धांवला कीं शेजारचा कल्हईवाला काम टाकून पाहत राहिला. मग वैशाख शुद्ध सप्तमीस यंत्र पालखींत घालून, वर अब्दागीर धरून, आमराईंतील शामियान्यांत नेलें. चोपदारांनीं ईसाजींस बाहेरच अडविलें कीं, "तांबटास आंत आसन नाहीं. झाडाखालीं बसा." आंत जानराव राजे आपल्या यंत्रापाशीं बसले होते. त्या यंत्रास पांच पट खर्च लागला होता, आणि त्याचे दिवे लखलखत होते. ते बाईसाहेबांचें यंत्र पाहून म्हणाले, "ताई, हें काय आणलेंत? धान्याची कोठी?" बाईसाहेब म्हणाल्या, "बसा, दादासाहेब. आंबे उन्हांत आहेत."

आतां पडद्याची केबल यंत्रास लावण्याचा मान रखमाजींचा होता. यंत्राचे पाठीमागें त्यांस केबल शिरेल ऐशीं दोन दारें दिसलीं, एक वर आणि एक खालीं. उभय राज्यांत थोरल्या आजोबांपासून शिरस्ता कीं वकील, खलिता, नजराणा, जें कांहीं हुजूरचें तें वरच्या दरवाजानें न्यावें, आणि खालच्या दरवाजानें सरपण, पखालीचे रेडे आणि रुसून आलेले जांवई. सबब रखमाजींनीं केबलीस गंध लाविलें आणि वरच्या दारीं सन्मानें बसविली. मग नौबत झडली आणि पहिली दौड सुरू जाहली, आणि बाईसाहेबांनीं रथ वळविला, तों रथ चार पावलें जाई आणि थांबे, पुन्हा चार पावलें जाई आणि थांबे, जणों वाटेंत ओळखीचें कोणी भेटत आहे. जानराव राजे पहिली दौड जिंकले आणि म्हणाले, "ताई, रथास बैल जोडलेत काय?" त्यांचे मानकरी मोठ्यानें हंसले. पंतांनीं डोळे मिटून घेतले.

मग दोन दौडींमध्यें पन्हें पिण्याची सुटी होती. बाईसाहेबांनीं पन्ह्यास हात लाविला नाहीं, उठून तडक बाहेर झाडाखालीं गेल्या आणि म्हणाल्या, "ईसाजी, दुकानांत धांवलें तें येथें कां रांगतें?" ईसाजी घाबरून उभे राहिले आणि म्हणाले, "केबल कोठें लावली, बाईसाहेब?" "वरच्या दारीं." तेव्हां ईसाजींनीं कपाळावर हात मारिला आणि म्हणाले, "वरचें दार मदरबोर्डाचें. तेथें लावली तर कारभारीच चित्रें काढीत बसतो, आणि आपला चितारी आंत रिकामा बसतो. खालचें आडवें दार चिताऱ्याचें. तेथें लावा." बाईसाहेब आंत आल्या आणि रखमाजींस आज्ञा केली. रखमाजी हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, गर्दन मारा, पण खालच्या दारानें हुजूरची केबल माझ्यानें घालवणार नाहीं. चार पिढ्यांची चोपदारी आहे." बाईसाहेबांनीं एक वेळ शामियान्याबाहेर पाहिलें. शेप्या फळांनीं वांकला होता. मग त्या पदर खोंचून स्वतः यंत्रामागें गुडघ्यांवर बसल्या, दरबार पाहत असतां केबल उपटली, आणि खालच्या दारीं घातली, आणि हात झटकून बोलिल्या, "रुसलेला जांवई समजा."

मग दुसरी दौड जाहली. पडदा ऐसा उजळला कीं रस्त्याचे कडेचें गवत पातें पातें दिसूं लागलें, आणि बाईसाहेबांचा रथ वळणांमागून वळणें घेत अर्ध्या फेऱ्यानें पुढें गेला. तिसऱ्या दौडींत जानराव राजांनीं रथ आडवा घालून वाट अडविली, आणि शेवटच्या वळणापर्यंत तेच पुढें होते, आणि तेथें त्यांचें चित्र किंचित अडखळलें, एका उचकीइतकें, आणि तेवढ्यांत बाईसाहेब आंतल्या अंगानें निघून गेल्या. कोन्हेरपंतांनीं डोळे उघडले आणि विचारिलें, "गेली?" ईसाजी बाहेरून ओरडले, "राहिली, पंत, राहिली!" आणि आसन नसतांही आंत धांवले, त्यांस कोणीं अडविलें नाहीं.

जानराव राजे मनुष्य दिलदार, त्यांनीं मुजरा केला, परंतु चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "ताई, पांच पट खर्च केला मी. वळणावर उचकी लागते ती लागतेच. जाणकारांस विचारिलें, त्यांनीं आणखी दिवे लावले. तुम्हीच एकदां बघा." तेव्हां बाईसाहेब त्यांच्या यंत्राभोंवतीं फिरल्या, दिवे जांभळे होते ते निळे जाहले, मग हिरवे जाहले, आणि बाईसाहेब पाठीमागें जाऊन पाहतात तों केबल वरच्या दारीं, गंध लावलेली, वर सुकलेलें झेंडूचें फूल. शिरस्ता एकच, आजोबा एकच. चार सालांत त्या थोर चिताऱ्यास कोणीं एक रेघ ओढूं दिली नव्हती. बाईसाहेब बराच वेळ वांकून राहिल्या. बंधु तो बंधु, आणि एका शब्दाचें काम होतें. मग वारा आला आणि शेप्याचा वास आला. बाईसाहेब उठून बोलिल्या, "दादासाहेब, यंत्र उत्तम आहे. कांहीं हलवूं नका."

येणेंप्रमाणें आमराई राहिली, आणि पुढें दोन सालें राहिली. एकूण यंत्रास होन पांचशें लागले, दिवे नाहींत, पंत, ईसाजी व रखमाजी यांस प्रत्येकीं एक करंडी आंबे पावले. बखर संपूर्ण जाहली. वाचणारांनीं सुखें वाचावी, ऐकणारांनीं सुखें ऐकावी, परंतु आमराईचे पलीकडे कोणींही नेऊं नये.