हानावा मास्तरांच्या गाडीचे ब्रेक

"वेगाचं मला काही सांगू नका. ती थांबते कशी, तेवढं बघून या," साएकोने दारात बूट चढवणाऱ्या नवऱ्याला बजावलं. "आणि बघून म्हणजे डोळ्यांनी. नुसतं ऐकून नाही."

"अगं, पण हानावा मास्तरांची गाडी आहे ती."

"देवाची का असेना! ब्रेक न बघता आलात, तर सोमवारी मी ती सरकत्या दाराची व्हॅन बुक करणार. आईला चढायलाही सोपी पडते."

सरकत्या दाराची व्हॅन म्हटल्याबरोबर निशिगोरीचा एक बूट हातातच राहिला. नगरपालिकेच्या पाणीखात्यात वीस वर्षं मान खाली घालून मीटर वाचणाऱ्या या माणसाला आयुष्यात एकच हौस होती. दोन दारांची, सहा गिअरची, आत बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटेल अशी स्पोर्ट्‌स कार. आधी मुलींच्या शाळा आल्या, मग घराचं छप्पर आलं, मग सासूबाई आल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी साएकोने कशीबशी मान डोलावली होती, तीही एकदाच. ही गाडी हातची गेली की खेळ खलास.

आणि गाडी तरी कशी! एकच मालक, शेडमध्ये कापडाखाली झाकलेली, पांढरी शुभ्र. मालक म्हणजे गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सदतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले हानावा मास्तर. अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. निशिगोरीला त्यांनी दोनदा नापास केलं आणि तिसऱ्यांदा पास केलं, म्हणून त्याने त्यांना लग्नाला बोलावलं. तिथे मास्तर 'दोन गाड्यांमधलं सुरक्षित अंतर' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. पाहुण्यांचं सूप गार झालं, पण उठायची कोणाची हिंमत झाली नाही. आता पंचाहत्तरी झाली म्हणून मास्तर स्वतःहून पोलिसांकडे जाऊन लायसन्स परत करणार होते आणि गाडी 'लायक माणसाला' देणार होते.

घोडं पेंड खात होतं ते एवढ्याचसाठी. मास्तर फोनवर म्हणाले होते, "ब्रेक नव्यासारखे आहेत. मी सांगतो म्हणजे आहेत." आता ज्यांनी ब्रेक म्हणजे काय हे शिकवलं, त्यांनाच 'जरा ब्रेक दाखवता का' म्हणायचं? त्यापेक्षा त्यांच्या तोंडावर 'खोटारडे' म्हटलेलं परवडलं. मास्तरांच्या गल्लीत तर असलं काही तोंडाने बोलायची पद्धतच नव्हती. शेजारच्या मुलीचा पियानो असह्य झाला की तिच्या आईला म्हणायचं, "किती सराव करते हो तुमची लेक!" मग ती माउली हसून वाकून नमस्कार करायची आणि घरात जाऊन खिडकी लावून घ्यायची. झालं काम.

तेव्हा निशिगोरी निघाला तो डाव्या हातात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मऊ मिठाईचा, खोका आणि उजव्या खिशात टॉर्च अन् साएकोचा पावडर लावायचा आरसा घेऊन. ऑफिसातल्या एका जाणकाराने त्याला सगळं समजावलं होतं. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारायचा. आतली लोखंडी तबकडी गुळगुळीत हवी, तिच्या कडेला नख अडकलं की समजायचं झिजलीय. तबकडीला चिमटा घेणारे पॅड किती जाड उरलेत ते आरशात बघायचं. सगळं मिळून एका मिनिटाचं काम.

मास्तरांकडे आधी चहा झाला, मग हवापाणी झालं. काकूंनी, म्हणजे फुसाएकाकूंनी, मोचीचा खोका तीनदा नको नको म्हणून चौथ्यांदा घेतला. काकू सदुसष्ट वर्षांच्या, चिमुकल्या, आवाज असा की ऐकायला पुढे झुकावं लागे. त्या पुष्परचना शिकवत. मग सगळे शेडमध्ये आले. मास्तरांनी कापड ओढलं. काय देखणी गाडी होती!

"ब्रेकचं सांगतो," मास्तर म्हणाले. "ब्रेक म्हणजे माफी मागण्यासारखं आहे. ज्याला सारखा लागतो, त्याचं वागणंच चुकतंय. या गाडीचा ब्रेक मी कधी जोरात दाबला नाही."

"अर्थातच, मास्तर," असं म्हणत निशिगोरी हळूच पुढच्या चाकाशी उकिडवा बसला.

"काय झालं रे?"

"काही नाही, लेस सुटली."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "तुझ्या बुटांना लेस नाहीये, निशिगोरी."

नव्हतीच. कोणाच्या घरी जायचं म्हणजे दहादा काढा-घाला, म्हणून निशिगोरीने मुद्दाम बिनलेसचे बूट घातले होते. त्याच्या कानशिलांवर भर थंडीत घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही... म्हणजे... मांजर! मांजर गेलं आत!"

फेब्रुवारीचे दिवस होते. अशा गारठ्यात मांजरं उबेला गाडीखाली शिरतात हे पोरासोरांनाही ठाऊक. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थापा मारून त्यांना उठवायचं, हे तर मास्तरांनी हजारोंना घोकून घेतलं होतं. त्यांचे डोळे लकाकले. "शाबास! इतक्या वर्षांनी का होईना, निघण्याआधी गाडीखाली बघायला शिकलास." आणि ते बॉनेटवर धपाधप थापा मारू लागले.

"मांजर-बिंजर काही नाही," काकू म्हणाल्या. "मी इथंच तर उभी आहे, कुंड्या आवरत."

निशिगोरी 'बरोबर, माझीच चूक' म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच थापांचा आवाज ऐकून शेजारचे मोगी आजोबा कुंपणाशी हजर झाले. मोगी म्हणजे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. कचरा कोणत्या वारी टाकायचा ते ठरवणारे.

"काय हो, काय झालं?"

"पाहुण्यांनी मांजर आत जाताना पाहिलं," मास्तर म्हणाले.

आता आलेल्या पाहुण्याला खोटं कसं पाडायचं? मोगी आजोबा अदबीने म्हणाले, "मलाही काहीतरी गेल्यासारखं वाटलं खरं. भुरकट होतं, नाही?"

आणि अध्यक्षांना तरी खोटं कसं पाडायचं? निशिगोरी म्हणाला, "भुरकटच."

"शेपटी तोकडी?"

"तोकडीच."

"अरे देवा, मग ते देवळातलं!" मोगी आजोबा धावत घरी गेले आणि बशीभर सुक्या मासळीचा कीस घेऊन आले. पाच मिनिटं तिघे पुरुष बशी सरकवत गाडीभोवती ओणवे फिरले. मोगी आजोबांनी गाडीला कान लावला. "ओरडतंय. बारीक आवाजात. या चाकाच्या मागून. अडकलंय बिचारं!"

"वारा आहे तो," काकू म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

"शंका असताना गाडी हलवायची नाही," मास्तरांनी फर्मावलं. "उशिकुबोला बोलवा. चाक काढू."

निशिगोरीला आधी लाज वाटली आणि मग लगेच मनात उकळ्या फुटू लागल्या. चाक काढणार! म्हणजे तोंडाने एक शब्द न काढता ब्रेक समोर येणार! मांजरा, तू नाहीस, पण तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही, असं तो मनात म्हणाला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा उशिकुबो जॅक घेऊन आला तो शिट्टी वाजवत. शेडमध्ये शिरला, काकूंकडे बघितलं आणि शिट्टी थांबली.

"चाक कशाला काढायचं, मास्तर? मांजर येईल की आपलं आपण."

"काढ."

"थंडीत नट आखडतात. तुटला-बिटला तर?"

"तुझ्या गॅरेजात तू नट तोडतोस?"

"माझा जॅकही आज जरा..."

"उशिकुबो," मास्तर म्हणाले, "तुला मी एकोणिसाव्या वर्षी रस्ता न बघता वळल्याबद्दल नापास केलं होतं. आज पुन्हा करू का?"

उशिकुबोने काकूंकडे असं बघितलं की निशिगोरीच्या मनात पाल चुकचुकली. हा का टाळतोय? काकूंनी हातातली कात्री खिशात ठेवली, एवढंच. जॅक लागला, नट निघाले आणि पुढचं डावं चाक बाहेर आलं.

मांजर नव्हतं. पण जे होतं ते बघून निशिगोरीला टॉर्चची गरजच पडली नाही. तबकडी वांग्यासारखी निळीजांभळी पडली होती. तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा होत्या. पॅड उरले होते पापडासारखे पातळ. मीटर वाचणाऱ्या माणसालासुद्धा कळलं की हे हळू दाबून होत नाही. हे आग निघेपर्यंत दाबून होतं, आणि पुन्हा पुन्हा दाबून होतं. त्याला रडू येईल असं वाटलं. गाडी गेली ती गेलीच, आणि मास्तर इतके खोटे निघाले!

मास्तर वाकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"हे... हे कोणी केलं?"

अशा वेळी त्या गल्लीत एकच करतात, दुसरीकडे बघतात. मोगी आजोबा आभाळातले ढग न्याहाळू लागले. आभाळात एकही ढग नव्हता. निशिगोरी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. ती शांतता उशिकुबोला काही झेपली नाही.

"मी काकूंना म्हटलं होतं," तो एका दमात बोलून गेला, "या हिवाळ्यातला हा पॅडचा तिसरा सेट, आता जरा दमानं घ्या म्हणून!" आणि त्याने जीभ चावली.

मास्तर सावकाश बायकोकडे वळले. "फुसाए?"

"मंगळवारी मी डोंगरापलीकडच्या हॉटेलात फुलं मांडायला जाते ना," काकू म्हणाल्या. "त्याला तासभर लागतो. मग शेजारी शर्यतीचा ट्रॅक आहे. मंगळवारी बायकांना अर्ध्या दरात असतो."

"शर्यतीचा! किती... किती वेगाने जातेस?"

"सरळ रस्त्यावर एकशे ऐंशी. वळणाचं सांगता येत नाही. तिथं कोण काटा बघतंय!"

"आणि ब्रेक?"

"उशिरा मारते."

"उशिरा? सदतीस वर्षं मी घसा फोडून सांगतोय, लवकर मारा, हळू मारा..."

"मीही तेवढीच वर्षं ऐकतेय. तिथल्या सरांनी सांगितलं, आणखी उशिरा मारा. एका फेरीत दोन सेकंद वाचले."

"तिथले सर?" मास्तरांना ट्रॅकपेक्षा हे जास्त लागलं. "कोण शिकवतो तुला?"

"आहे एक बत्तीस वर्षांचा. ओरडत नाही."

मास्तरांनी त्या निळ्या तबकडीवरून बोट फिरवलं. मग ते निशिगोरीसमोर कमरेत वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच. "निशिगोरी, मी तुला शब्द दिला तो खोटा ठरला. चारही तबकड्या, सगळे पॅड, नवे कोरे घालून देतो. गाडी तुझीच."

निशिगोरीला आभाळ ठेंगणं झालं. नवे ब्रेक! तेही डोळ्यांदेखत! साएको तरी यावर काय बोलणार होती? तो वाकून आभार मानणार एवढ्यात मागून एक शब्द आला.

"नाही."

त्या गल्लीत नाही म्हणायचं असलं की लोक 'बघू हं' म्हणतात, 'जरा अवघड आहे' म्हणतात, फार झालं तर दातांतून हवा आत ओढतात. असा नुसता, उघडा 'नाही' कोणी ऐकलेला नव्हता. मोगी आजोबांच्या हातातली बशी खाली पडली.

"अगं, पण परवा मी लायसन्स परत करतोय," मास्तर म्हणाले.

"तुमचं. माझं नाही."

निशिगोरीने खिशातला आरसा घट्ट धरला. सोमवार डोळ्यांपुढे दिसत होता. सकाळपासून त्याने लेस, मांजर, शेपटी, काय काय सांगितलं होतं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने खरं ते सांगितलं. "काकू, मांजर नव्हतं. मला ब्रेक बघायचे होते, विचारायची हिंमत झाली नाही. मला ही गाडी हवी आहे हो. वीस वर्षं झाली, मला अशी गाडी हवी आहे."

काकू त्याच्याजवळ आल्या. त्यांना राग आलेला नव्हता. "ठाऊक आहे मला. तुम्ही बघत होता ना तिच्याकडे, तेव्हाच कळलं. पण निशिगोरीसान, तुमची हौस निदान तुमच्या घरात ठाऊक तरी आहे. तुम्ही मागितलंत, बायकोने हो-नाही केलं, भांडलात. मला या घरात कोणी विचारलंच नाही आणि मीही कधी बोलले नाही. मलाही हवी आहे हो ही गाडी."

निशिगोरीने खिशातल्या आरशावरचा हात सोडला. उशिकुबो उगाच पाना पुसत होता. शेवटी मास्तरांनी घसा साफ केला.

"मंगळवारी," ते चाकाकडे बघत म्हणाले, "शेजारच्या सीटवर कोणाला बसू देतात का?"

"देतात. हेल्मेट लागतं."

"हं."

"आणि बोलायचं नाही."

मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि मान हलवली.

नवे पॅड येईपर्यंत गाडी शेडमध्येच राहणार होती, म्हणून उशिकुबोने चाक परत चढवलं. निशिगोरी त्याला एकेक नट उचलून देत होता. व्हॅनचा रंग कुठला घ्यावा याचा विचार त्याच्या मनात सुरू झाला होता आणि डोळे जरा चुरचुरत होते. सगळे नट बसल्यावर त्याने उशिकुबोच्या हातातला पाना मागून घेतला आणि मास्तरांसमोर, अध्यक्षांसमोर, कोणाची भीडभाड न ठेवता, पाचही नट घट्ट आहेत की नाहीत ते एकेक करून दोनदा तपासून पाहिलं.