वाळवणाची पेटी

एका जंगलात ऊन भरपूर होतं. कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. मुलांनो, पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं.

जंगलाच्या मधोमध एक सपाट कातळ होता. चैत्रात सगळी जनावरं त्यावर वाळवण घालायची. रीत एकच. आपल्या वाळवणाभोवती खड्यांचं रिंगण घालायचं. वाळवण होईपर्यंत त्या रिंगणात वाघानेही पाय ठेवायचा नाही.

सगुणा अस्वलीण दरवर्षी तिथे मोहफुलं वाळवायची. तीन दिवसांत फुलं बेदाण्यासारखी व्हायची. त्यावर तिचा आणि दोन पिलांचा पावसाळा निघायचा.

यंदा ती टोपली घेऊन आली, तर कातळावर जागाच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या काचेच्या फळ्या आडव्या पसरल्या होत्या. शेजारी मुंगूसराव उभे होते. हे वाघोबांचे ऊर्जाप्रधान. नुकतेच पलीकडच्या जंगलात अभ्यासदौरा करून आले होते. आल्यापासून दोन पायांवर चालत होते.

“हे काय मांडलंयस?” सगुणाने विचारलं.

“मावशी, ही उन्हाची वीज.”

“तिचं काय करायचं?”

“तिच्यावर ही पेटी चालते.” मुंगूसरावांनी झाडाखालची पेटी दाखवली. “पेटीत मोहफुलं वाळतात.”

“फुलं कातळावर वाळतच होती की.”

“वाळत होती. पण कशाने?”

“उन्हाने.”

“तेच म्हणतो मी! इतकी वर्षं ऊन वाया घालवलंत.”

सगुणाने टोपली खाली ठेवली. अडाण्याशी वाद घालता येतो. दौऱ्यावरून आलेल्याशी नाही.

पेटीत एका वेळी ओंजळभर फुलं मावायची. म्हणून रांग. सगुणाचा नंबर सत्तेचाळिसावा. पुढे ससे होते, साळिंदर होता आणि एक माकड होतं. माकडाकडे वाळवायला काहीच नव्हतं. पण रांग दिसली की ते उभं राहायचं.

चौथ्या दिवशी टोपलीतून आंबूस वास येऊ लागला. पश्चिमेला ढग जमले. वळीव पडला तर फुलं कुजणार. फुलं कुजली तर पिलं चार महिने उपाशी.

सगुणा उठली. तिने खडे वेचले. साऱ्या कातळाभोवती रिंगण घातलं. मग टोपली फळ्यांवर उपडी केली आणि पंजाने फुलं सारखी पसरली. काळ्या काचा तव्यासारख्या तापल्या होत्या.

मुंगूसराव चारी पायांवर धावत आले.

“मावशी, पेटी बंद पडली! उचला ते!”

“रिंगण दिसतंय ना? ठेव पाय.”

मुंगूसरावांनी पाय उचलला. इकडेतिकडे बघितलं. आणि होता तिथेच खाली ठेवला.

“आम्हालाही आत घे गं मावशी!” ससे ओरडले.

“या. पण एकमेकांची फुलं तुडवू नका.”

घटकाभरात कातळ भरला. दोन दिवसांत सगळ्यांचं वाळवण कडक झालं. माकडाने शेपटी वाळवून घेतली. वळीव आला तेव्हा फुलं ढोलीत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी वाघोबा पाहणीला आले.

“काय प्रधान? वाळली का फुलं?”

मुंगूसरावांचा घसा फुलांपेक्षा जास्त वाळला होता. “सगळ्यांची वाळली, महाराज.”

“वीज किती लागली?”

मुंगूसरावांनी बंद पेटीकडे बघितलं. “अजिबात नाही, महाराज.”

यात खोटं काहीच नव्हतं.

वाघोबा चकित झाले. “विजेशिवाय चालणारी पेटी! शाबास! अशा आणखी दहा आणा.”

“पण महाराज, तेवढ्या फळ्यांना कातळ पुरायचा नाही.”

“मग ती मोहाची झाडं तोडा. उगाच ऊन अडवून उभी आहेत.”

सगुणाने मुंगूसरावांना बाजूला ओढलं. “अरे मेल्या, मोह तोडलेस तर पेटीत वाळवायचं काय?”

मुंगूसराव पुन्हा दोन पायांवर उभे राहिले. “मावशी, आधी सोय तर होऊ द्या. वाळवायचं काय, त्यासाठी वेगळा दौरा आहे.”

तात्पर्य : मुलांनो, ऊन कधी थेट घेऊ नये. तो अडाणीपणा. ऊन आणि फुलं यांच्यामध्ये एक पेटी असावी आणि पेटीवर एक प्रधान असावा. मग फुलं नसली तरी चालतं.