तात्यांचं फिटिंग

घर भाड्यानं घ्यायला येणारा माणूस नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो, छप्पर गळतं का बघतो. सीताराम तात्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पिशवीतून जागोजागी गाठी मारलेली एक दोरी काढली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, ह्ये उंबऱ्यावर धरा. फिटिंग बघू."

पोलादपूरच्या बाजारामागे, आमच्या घराला लागूनच माझ्या चुलत्यांचं जुनं कौलारू घर आहे. चुलते पुण्याला मुलाकडे गेले तेव्हापासून ते बंद होतं. मी इथल्या हायस्कुलात शिकवते, त्यामुळे भाडेकरू बघायचं काम माझ्याकडे आलं. तात्या उमरठच्या पुढच्या एका वाडीतले. तीस वर्षं मुंबईत एका गोदामात गोण्यांच्या थप्प्या लावून गावी परतलेले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एकतर फिटिंगमध्ये असे, नाहीतर नसे. आमचे मुख्याध्यापक एकदा अंगणात दोन मिनिटं बोलून गेले, तर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत तात्या म्हणाले, "मानूस बरा हाय. फिटिंग जरा ढिला हाय."

दोरी घेऊन त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि घर पसंत केलं. मग सुरू झाला खरा उद्योग. रोज सकाळच्या एसटीनं वाडीवरून यायचं, दिवसभर घरात खुडबुड करायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. माजघरातलं कपाट त्यांनी चारदा हलवलं. पाण्याचं पिंप खिडकीपाशी सावलीत छान होतं, ते उचलून दाराआड कोपऱ्यात नेलं. मी म्हटलं, "तात्या, तिथून पाणी काढायला कंबरेत वाकावं लागेल."

"पन फिटिंग तिथंच हाय," ते म्हणाले.

रंगारी आला, त्यानं रंगांचं पुस्तक उघडलं. तात्यांनी ते न बघताच मिटलं. "कसला पन लाव. फकस्त खिळे हाताला लागता नये." रंगाऱ्याला हा अपमान वाटला. त्यानं रागानं सगळं घर फिकट हिरवं करून टाकलं, आणि तात्यांनी दाद म्हणून भिंतीवरून नुसता तळहात फिरवला.

पुढे मात्र माझा संयम सुटला. माजघर आणि स्वयंपाकघर एका पातळीत होतं. एका दुपारी शाळेतून येऊन बघते तर तात्यांनी दोन्हींच्या मध्ये सिमेंटची वीतभर उंच पायरी बांधलेली. त्याच दिवशी मी तिला अडखळले, दुसऱ्या दिवशी आमचे हे. शिवाय कंबरेच्या उंचीवर भिंतीच्या कडेनं दोरी ताणलेली, न्हाणीपर्यंत.

"तात्या, हे घर आहे, गोदाम नाही," मी जरा जोरातच बोलले. "इथे राहणार कोण आहे?"

ते पायरीवर बसले. थापी पुसत म्हणाले, "मंडळी."

मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोची, अनुसयाकाकूंची, नजर काचबिंदूनं दहा वर्षांपूर्वी गेली. वाडीच्या वरच्या अंगाला गेल्या पावसात जमिनीला भेग पडली होती. दरडीखाली गेलेलं तळीये सगळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे यंदा पावसाआधी लोक खाली उतरत होते. काकू तेवढ्या हटून बसल्या होत्या.

"ती म्हनते, हितं मी आंधळी नाय. हितं मला सगळा गावतो. खाली न्हेलंत की मी आंधळी." तात्यांनी थापी खाली ठेवली. "म्हनून तिला सांगितलाय, घर खाली न्हेतो, मग तू ये."

गाठींची ती दोरी म्हणजे वाडीवरच्या घराचं माप होतं, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी कपाट पाचव्यांदा सरकवायला हात लावला.

जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून आलेलं असताना, काकू मिनिडोर रिक्षेतून उतरल्या. बारीक चणीच्या, ताठ. तात्यांनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. उंबऱ्याला हात लावून आत शिरल्या आणि चालू लागल्या. कपाट. दोरी. पायरी न अडखळता चढल्या. दाराआड वाकून तांब्या भरला, पाणी प्यायल्या. तात्या माझ्या शेजारी श्वास रोखून पावलं मोजत होते.

काकू मागे येऊन पायरीपाशी थांबल्या. पायानं ती चाचपली.

"ही पायरी कुनी बांधली?"

"मी," तात्या म्हणाले. "फिटिंग सेम हाय ना?"

"ह्या पायरीनं जलमभर छळलान मला. पोर पोटात असताना हिच्यावरनंच पडले व्हते. पिंपाशी वाकून वाकून कंबर गेली. ती सगळी पीडा उचलून आनलीत व्हय हितं?"

मला आणि आमच्या ह्यांना हसू आलं. तात्यांना नाही आलं.

"मला कदी बोलली नाय तू."

"गनपतीला आठ दिस येनाऱ्या मानसाला काय सांगायचं?" काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच तो शब्द जास्त लागला असावा. तात्या बाहेर जाऊन कठड्यावर बसले. पाऊस सुरू झाला तरी आत आले नाहीत. शेवटी काकूच दोरी धरून दारापर्यंत आल्या. "भिजू नका. आत या. सांगते काय कुठं पायजे ते."

दुसऱ्या सकाळी छिन्नीचा आवाज आला. पायरी गेली. पिंप खिडकीपाशी आलं, कपाट काकू म्हणतील तिकडे गेलं. आता दोघांनाही ते घर नवीन होतं.

आठवड्याभरानं, पावसामुळे शाळा लवकर सुटली तेव्हा, मी आमटीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. माजघरात काकू पुढे चालत होत्या. मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तात्या, डोळे घट्ट मिटलेले.

"आता डाव्या हाताला शेगडी. हात लांब करू नका, चटका बसंल," काकू सांगत होत्या.

तात्यांचं पाऊल चुकलं, कोपर भिंतीला लागलं. डोळे न उघडता ते म्हणाले, "थांब गो. परत पयल्यापासनं."

दोघं उंबऱ्याच्या दिशेनं वळली. वाटी तिथे ठेवली असती तर पायात आली असती. ती तशीच हातात घेऊन मी बाजूला झाले.