उकंडा उडायला निघाला

देवाजी मिलमधली रात्रपाळी करून आला आणि अंथरुणावर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच चंद्रकलाने त्याला गदागदा हलवलं.

"उठा ना! पोट्टा छपराच्या कवेलूवर चढला. उडतो म्हणते."

"उडू दे," म्हणत देवाजीने कूस बदलली. मग शब्द डोक्यात शिरले आणि तो ताडकन उठला.

चूक त्याचीच. काल रविवारी त्याने पोराला सदर भागातल्या टॉकीजमध्ये उडणाऱ्या हिरोचा सिनेमा दाखवला होता. स्वतः मात्र दिवे मालवल्यापासून घोरला, तो थेट शेवटी झाडूवाल्याने उठवेपर्यंत. सिनेमात झालं काय, हे एकट्या उकंडालाच माहीत.

देवाजी अंगणात आला. आठ वर्षांचा उकंडा आईचं लाल लुगडं मानेला बांधून छपराच्या ऐन कडेला उभा होता.

"उतर बे खाली! तंगडी मोडशील."

"नाई मोडत. मी हिरो हाओ."

"कायचा हिरो? तू माहा पोरगा हायेस!"

"हिरो कुठंतरी सापडलेला पोट्टा राहते, बाबा. म्हणून तर उडते."

"तू नाई सापडला कुठं!"

हे ऐकून शेजारची अनुसया कुंपणाशी आली. बाई मदतीलाच आली, हे खरं. पण काही माणसांच्या मदतीची धास्तीच घ्यावी.

"खोटं काहून बोलता गा पोराशी? म्याच उचललं याले उकिरड्यावरून!"

"अवं बाई, गप ना वं!" चंद्रकला ओरडली.

आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून हा जन्मल्याबरोबर रीतीप्रमाणे उकिरड्यावर ठेवला होता. अनुसयाने उचलला आणि सूपभर तांदूळ घेऊन आईलाच परत विकला. नाव उकंडा, म्हणजे उकिरडा, पडलं ते त्यामुळेच. नजर लागू नये म्हणून केलेली ही गोष्ट आता छपरावरच्या पोराला कशी समजावायची?

"पाहा! सापडलोच मी!" उकंडाने हात पसरले. दोन कवेलू घसरून अंगणात फुटले.

देवाजी धावला. त्याने शिडी लावली. डोळे मिटत होते, तरी तो चढत गेला. वरच्या पायरीवर पोचून त्याने छपरावर हनुवटी टेकवली. पुढे सरकायचं त्राण नव्हतं.

"बरं बाप्पा, तू हिरो. मंग ज्याले तो पोट्टा सापडते, त्या बाबाचं काय होते? मी झोपलो होतो."

उकंडाचे हात खाली आले.

"मरते."

"काहून?"

"काम करू करू थकून जाते. मंग एक दिवस उठतच नाई. तवाच पोट्टा हिरो बनते."

देवाजीला नेमकी तेव्हाच मोठी जांभई आली. उकंडाने बापाचे तांबारलेले डोळे पाहिले आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"मले नाई बनायचं हिरो," म्हणत तो रडत-सरपटत आला आणि बापाच्या गळ्यात पडला. देवाजीने त्याला एका हाताने कवटाळलं.

खाली उतरून देवाजी पुन्हा आडवा झाला. उकंडा उशाशी बसला. घोरणं जरा थांबलं की तो बापाला हलवायचा.

"बाबा! ओ बाबा! जित्ते हाय ना?"

"हाव."

"मंग ठीक हाय. झोपा."

मिलचा भोंगा होईपर्यंत उकंडाने बापाला मरू दिलं नाही. झोपूही दिलं नाही.