वाळूवरचं घर उतरवताना

कानिटकर काकांकडे चहा मागितला की आधी इतिहास मिळायचा. चहा नंतर, तोही गार.

इतिहास कशाचा? तर समुद्रकिनाऱ्यावरच्या त्यांच्या लाकडी घराचा. आम्ही हॉलंडमधल्या हूफडॉर्पला शेजारी. काका निवृत्त इंजिनिअर, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर घरांची जी रांग उभी राहते, तिच्यात त्यांचं एक. "मुळात काय आहे," असं ते सुरू करायचे आणि मी मनात म्हणायचे, मेले! "मुळात काय आहे, इथे आधी कापडी तंबू होते. मग फळ्या आल्या. युद्धात जर्मनांनी किनारा साफ केला. लोकांनी पुन्हा बांधलं! अजून दर वर्षी बांधतात!"

हे मात्र खरं. ही घरं वसंतात उभी करायची आणि हिवाळी वादळांच्या आत भिंत न् भिंत सुटी करून एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवायची, असा तिथला नियम. खाली खांब, म्हणजे वाळू नि वारा खालून निघून जातो. समुद्राकडे काच, छप्पर बुटकं. सगळं पाठ आहे मला. माझी लेक तर ते डचमध्ये म्हणून दाखवते.

काका नियमाचे इतके पक्के, की सप्टेंबर लागला की डच शेजाऱ्यांच्या दारात हजर. "अजून पडदे लावलेलेच?" रांगेच्या समितीची अध्यक्ष मारेके त्यांना बघून लपायची. मालतीकाकू म्हणायच्या, "अहो, ते शेजारी आहेत, तुमच्या हाताखालचे कामगार नाहीत धारेवर धरायला!" काकूंचाही हट्ट होताच. भिंती काकांनी उभ्या करायच्या, पण काकूंनी गॅसवर दूध उतू घालवल्याशिवाय घर झालं म्हणायचं नाही. दर वर्षी वास्तुशांत! रांगेतली डच मंडळी पेढ्यांसाठी टपून बसायची.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी काकू भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेल्या नि तिकडेच अडकल्या. भारतातून येणारी विमानं बंद झाली. काकांनी एकट्यानं घर उभं केलं. "विमान सुरू झालं की ती थेट इथेच येणार," म्हणाले.

मे महिन्यात काकू तिथल्याच हॉस्पिटलमध्ये करोनाने गेल्या. अग्नी भाच्याने दिला. काका फोनवर "बरं" म्हणाले, एवढंच. उन्हाळाभर ते किनाऱ्यावरच राहिले. भेटायला गेलं की तोच इतिहास, तोच उत्साह. मला तर भीतीच वाटायची.

सप्टेंबर संपता संपता मारेकेचा फोन आला. सगळी रांग उतरली होती, एकटं काकांचं घर उभं होतं आणि वादळ येणार होतं. त्यांना काही सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

मी आणि नीलेश, माझा नवरा, तडक गेलो. काका आत खुर्चीत बसले होते.

"काका, उतरवू या ना?"

"मुळात काय आहे..." ते म्हणाले आणि पुढे काही येईचना. "अगं, मी तिला शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. हे उभं आहे तोवर ती यायची आहे. उतरवलं की संपलं गं."

माझ्याच डोळ्यांना धार लागली. काहीतरी करायचं म्हणून नीलेशने बिचाऱ्याने दाराशेजारच्या भिंतीचा स्क्रू काढायला घेतला. काका ताडकन उठले.

"अरे गाढवा, डोक्यावर घेतोस की काय? आधी छप्पर!"

आणि स्वतःच शिडीवर चढले. संध्याकाळपर्यंत छप्पर, भिंती, जमीन सगळं सुटं झालं. ट्रॅक्टर ते घेऊन गेला. काका थोडा वेळ मोकळ्या वाळूकडे बघत राहिले. मग बूट काढून, अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात शिरले.

"गारठून मरतील ते!" मदतीला आलेली मारेके ओरडली. नीलेश धावणार होता, मी त्याचा हात धरला. काका कमरेइतक्या पाण्यात थांबले. नाक धरलं, डोकं बुडवलं.

स्मशानातून आल्यावर आपल्याकडे करतात ती आंघोळ. मे महिन्यापासून त्यांची राहिली होती.

बाहेर आले ते हुंदके देतच.