काकूंना टीव्ही पसंत पडत नाही

रूपरावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला जायचं, एक टीव्ही घ्यायचा आणि जेवायच्या वेळेला अल्लीपूरला परत यायचं. माणूस सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला, तेव्हा एका दिवसाचं काम एका दिवसात करायची सवय नव्हती, हे खरं. पण पैसे पोराचे होते. पुण्याहून पियुषनं वीस हजार पाठवले होते आणि सोबत निरोप, ‘बाबा, चांगला घ्या, वेळ छान जाईल.’ (बाप दिवसातून चारदा फोन करतो, त्यावर पोरानं काढलेला हा तोडगा. वीस हजारांत सुटका म्हणजे स्वस्तच.)

दुकानात शिरताच मोहिनी नावाची सेल्सगर्ल पुढे आली. "या काकाजी, बसा. पंख्याखाली बसा. चहा घेता ना?"

रूपराव बसले. ‘बसा’ हा शब्द आपल्याला उद्देशून शेवटचा कधी ऐकला, ते त्यांना आठवेना. गावात ते पारावर आले, की बाकीच्यांना एकाएकी म्हशीचं पाणी आठवे. त्यालाही कारण होतं. हा गृहस्थ जन्मभर दिसेल त्याला अक्कल शिकवत आला होता, आणि शिकलेल्या अकलेनं लोक आता त्याला टाळत होते.

"घरी किती जण आहात?" मोहिनीनं विचारलं.

एकटा म्हटलं असतं, तर तिनं चोवीस इंची डबा हातात देऊन पाच मिनिटांत वाटेला लावलं असतं. चहासुद्धा अर्धा राहिला असता. रूपराव म्हणाले, "आम्ही दोघं."

"मंग काकूले काय आवडते? सिरियल का भजन?"

इथं रूपराव अडकले. कांताबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती होती तेव्हा हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. रिमोट त्यांच्या उशाखाली असायचा. ते झोपले, की टीव्ही बंद. फ्रीज, कूलर, सून, सगळं त्यांनीच पसंत केलेलं. (त्यांतला कूलर तेवढा अजून घरात आहे.)

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी हजर. "नाई म्हणते ती. बत्तीस इंच लहान पडते म्हणते."

मोहिनीनं मोठा काढून दाखवला. तो बजेटच्या बाहेर, म्हणून तिसऱ्याच कंपनीचा लावला. रूपरावांनी चहा घेतला, शेजारच्या गिऱ्हाइकाला दोन सल्ले दिले आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी गेले. पुन्हा आले ते नाक वर करून. "आवाज फाटते म्हणते."

"काकूनं आवाज कुठं ऐकला, काकाजी?"

"मी करून दाखवला ना."

असा महिना गेला. काकूंना एका टीव्हीची चौकट जाड वाटली, दुसऱ्याचा रिमोट हलका वाटला. तिसऱ्याच्या पॅनेलची वॉरंटी किती, हे काकूंनी नेमकं विचारलं, आणि दुकान काकूंवर फिदा झालं. मोहिनी तर सरळ काकूंच्या पक्षात गेली. "तुम्ही गप्प राहा, काकाजी. काकू बरोबर बोलतात. तुम्ही तं निस्ता चहा पिऊन राह्यले."

मालक प्रभाकरराव गल्ल्यावरून म्हणाले, "वहिनी हुशार दिसतात. तुमच्यासंगं दिवस कसे काढले त्यायनं?"

सगळे हसले. रूपरावही हसले. एसटीत बसल्यावर मात्र त्यांना राग आला, आणि घरी पोचून त्यांनी तो भिंतीवरच्या फोटोवर काढला. "मी हेडक्लार्क, मले कोणी पुसत नाई, आन् दुकानात तुयाच नावाचा उदोउदो!" कांताबाई काही बोलली नाही. बोलायची तिला तशीही सवय नव्हती.

शेवटी मोहिनीच वैतागली. "काकाजी, उद्या मीच टीव्ही घेऊन येते. टेम्पो तुमच्याच गावाकडं येऊन राह्यला. काकूनं हो म्हटलं, की तिथंच लावून देते."

"तिले बरं नाई."

"मंग तं भेटलंच पाह्यजे!"

सकाळी रूपराव शेजारच्या शोभाबाईच्या दारात उभे. "अर्धा तास माह्या घरी येऊन बसता का? बोलायचं काई नाई. टीव्ही पाहून निस्ती मान हालवायची."

"कोण म्हणून?"

रूपरावांनी चपलेकडे पाहिलं. "कांता म्हणून."

"भाऊजी, ती जित्ती होती तवा तिले मान तरी हालवू देल्ली का कधी? जा, तोंड धुवा!" दार आपटलं. मग पुन्हा उघडलं. "आन् आमच्या यायले सांगते मी हे, घरी येऊ द्या त्यायले." पुन्हा आपटलं.

मोहिनी आली, सोबत फिटर ऋतिक. त्यानं घर पाहिलं. एका भिंतीला ओल, एकीला खिडकी, एकीला दार. "इथंच लागते, काकाजी. लाइटचा बोर्ड इथंच हाय. हा फोटो काढा लागते." त्यानं चंदनाच्या हारासकट फोटो उतरवला आणि मोहिनीच्या हातात दिला. "पकड."

"कोण व्हय ह्या?"

"काकू," रूपराव म्हणाले.

मोहिनीनं हार बाजूला सारून फोटो पाहिला. "कधी?"

"दोन वर्षं झाले."

"मंग आवाज फाटते म्हणून कोण म्हणलं?"

"तीच म्हणली असती. म्हणजे... मी इचारलं असतं तर."

इथं एखाद्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मोहिनीचं महिन्याचं टार्गेट बुडालं होतं, म्हणून आलं नाही. वडीलधाऱ्यांचा एक समज असतो, की तरुण माणसाचा वेळ सार्वजनिक नळासारखा असतो. तोटी फिरवावी, हवा तेवढा घ्यावा. "तुमच्यापायी एवढे टीव्ही खोक्यातून काढले अन् परत भरले मी! मालकाले काय सांगू, वरून नापसंती आली म्हणून?"

ऋतिकला हसू आवरेना. ड्रिल भिंतीत वाकडं गेलं.

"चहा ठेवतो, बसा ना," रूपराव म्हणाले.

"नको. तुम्हीच बसले महिनाभर. पुरे झालं."

बत्तीस इंचीच लागला, पहिल्या दिवशी दाखवलेला. कांताबाई गव्हाच्या कोठीवर गेली.

टीव्ही उत्तम होता. शेकडो चॅनेल, चोवीस तास माणसं बोलत होती. पण त्यांतलं एकही मधेच थांबून ‘काकाजी, तुम्हाले काय वाटते?’ असं विचारत नव्हतं.

आणि एक दिवस टीव्हीच्या कंपनीचा फोन आला. गोड आवाजाची बाई. "नमस्कार. आमच्या सेवेवर समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा."

"नमस्कार, नमस्कार! कुठून बोलता, बाई? जेवण झालं?"

बाईनं तेच पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. रेकॉर्ड आहे, हे रूपरावांच्या लक्षात आलं, तरी ते आणखी दोनदा ऐकत राहिले. समाधानी माणसाची फाईल कपाटात जाते आणि तक्रारदाराच्या दारात माणूस येतो, एवढं नोकरीत कळलं होतं. त्यांनी दोन दाबलं. "धन्यवाद. आमचा प्रतिनिधी उद्या आपल्या घरी येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर झाडलं, दूध आणलं, बिस्किटं आणली, फुलांच्या कपबश्या घासून ठेवल्या. टीव्हीत दोष सापडेना, म्हणून मागची एक वायर जराशी सैल केली. चहाचं आधण ठेवलं. उतरवलं. पुन्हा ठेवलं. रस्त्यावर गाडी वाजली, की दारात जाऊन उभे राहिले. उन्हं कलली, बिस्किटं सादळली.

मग मोबाईल वाजला. मेसेज होता. ‘आमच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष भेट देऊन आपली तक्रार सोडवली आहे. त्यांना पाचपैकी किती गुण द्याल?’

रूपरावांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग पाचपैकी पाच दिले. कमी दिले असते, तर पुढच्या खेपेला कंपनीनं नवाच माणूस धाडला असता. हा निदान ओळखीचा झाला होता.